खिळ्यावरचा पत्रा

टक्. एवढाच आवाज आला. बाईंनी पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा टक्.

गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या मेकॅनिकने जुन्या गाडीचा नंबर वाचला आणि त्याचं अंग सुखाने शहारलं. अकरा वर्षं तो याच आवाजाची वाट बघत होता.

"बघता का जरा, मिस्त्री?" साठीच्या बाई खाली उतरल्या. "थंड असताना एका किल्लीत सुरू होते. पण चालून तापली आणि बंद केली, की अर्धा तास तोंड उघडत नाही. रुसूबाई आहे नुसती."

"गाडी तुमचीच?" त्याने हात पाठीमागे बांधले.

"आधी भावाची होती."

म्हणजे त्याच्या जुन्या मालकाच्या घरातलीच. उत्तम.

अकरा वर्षांपूर्वी तो ज्याच्याकडे कामाला होता, त्या मालकाच्या गॅरेजातून पान्यांचा नवा संच गायब झाला. मालकाने सगळ्यांसमोर त्याचे खिसे उलटे करायला लावले, चोर म्हणून हाकलून दिलं. त्याने त्या पान्यांना बोटसुद्धा लावलं नव्हतं. जाता जाता मात्र तो मालकाच्या गाडीखाली शिरला. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पाइप निखाऱ्यासारखा तापतो. त्याच्या शेजारीच इंजिन सुरू करणारा स्टार्टर असतो. दोघांच्या मधे, धग अडवायला, हाताच्या पंज्याएवढा पत्रा असतो. त्याने तेवढा काढून घेतला. तापलेला स्टार्टर तापलेल्या माणसासारखाच, हाकेला ओ देत नाही. गाडी ओढून दुसऱ्या गॅरेजात नेईपर्यंत ती निवते आणि शहाण्या मुलीसारखी सुरू होते. आणि जी वस्तू तिथे नाहीच, ती कुणाला दिसणार?

तो पत्रा आता त्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. रोज शटर उघडलं की तो आधी त्याच्याकडे बघायचा. कडक इस्त्रीतला मालक भर चौकात घामाघूम होऊन गाडी ढकलतोय, असं चित्र डोळ्यांपुढे आणायचा. मग कामाला लागायचा.

"बॅटरी बदलून बघितलीत?" त्याने साळसूदपणे विचारलं.

"तीनदा."

"स्टार्टर?"

"दोनदा. वायरिंग सगळं नवीन. एकाने तर गाडीला नजर लागलीय म्हणून सांगितलं."

त्याला हसू आवरेना. "मग ढकलतं कोण? तुमचे भाऊ?"

"भाऊ?" बाई हसल्या. "त्याने अकरा वर्षांत या गाडीत पाऊल ठेवलेलं नाही. मीच ढकलते. हा खांदा कायमचा धरलाय त्यापायी."

त्याचं हसू ओठांतच अडकलं.

"माझा भाऊ शीघ्रकोपी," बाई सांगू लागल्या. "एका कामगाराला त्याने पान्यांच्या चोरीवरून काढलं. दुसऱ्याच दिवशी मी सामान ठेवायला ही डिकी उघडली, तर स्टेपनीखाली संच! भावानेच ठेवला होता, तोच विसरला. म्हटलं, त्या माणसाला बोलाव, चारचौघांत माफी माग. तर म्हणाला, 'तुला परक्याचा एवढा पुळका असेल तर ही गाडी घे आणि चालू लाग.' मीही त्याचीच बहीण. घेतली, आणि लागले चालू."

त्यांनी डिकीतून लाल पेटी काढली. पान्यांवर गंजाचा ठिपकाही नव्हता. कुणीतरी ते वरचेवर तेलाने पुसत होतं.

"गाडी बंद पडते म्हणून गॅरेजं पालथी घालते. जाईन तिथे विचारते. त्याचं नाव मला कुणी धड सांगितलं नाही, सगळे डावऱ्या म्हणायचे. तुमच्या दारातही तेच विचारायला थांबले, आणि हिने मान टाकली. असा कुणी डावखुरा मिस्त्री माहीत आहे का हो? त्याला एवढंच सांगायचंय, की तू आमचं काही नेलं नव्हतंस."

तो आत गेला. खिळ्यावरचा पत्रा काढला, दोन बोल्ट शोधले आणि गाडीखाली शिरला.

"अहो, निवू तरी द्या! हात भाजेल!"

हात भाजला. त्याने काढून घेतला नाही.

अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली. त्याने बाईंना गावाबाहेरच्या चढापर्यंत मोठी चक्कर मारून यायला सांगितलं. त्या आल्या तेव्हा बॉनेटमधून धग येत होती. "आता बंद करा," तो म्हणाला. "आणि लगेच सुरू करा."

बाईंनी डोळे मिटून किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

"अगं बाई! काय हो झालं होतं हिला?"

"एक पत्रा नव्हता."

"कुठे गेला होता?"

त्याने लाल पेटीतला एक पाना उचलला, खाली वाकला आणि पत्र्याचे बोल्ट शेवटचे आवळले. डाव्या हाताने. बाई खाली उतरून त्या हाताकडे बघत राहिल्या.

त्याने पाना पुसला, पेटीत जागच्या जागी ठेवला आणि पेटी त्यांच्याकडे सरकवली.

"चोरीला गेला होता, ताई. भावाला कळवा, त्याचा चोर सापडला."