देवक वटवाघूळ

शलाकाचं लग्न मोडायला आलं होतं आणि कारण होतं वटवाघूळ. पत्रिका, पगार सगळं जुळल्यावर तिच्या बापूमामांनी तन्मयच्या आईला विचारलं, "मुलाला जन्मताना रोगराईवर कुठल्या प्राण्याचे जनुक टोचलेत?"

"वटवाघळाचे," त्या अभिमानानं म्हणाल्या. "तेही खासगी दवाखान्यात."

"संपलं. आमच्या शलाकालाही तेच. एका देवकात लग्न होत नाही, वहिनी. आईबापांचं संरक्षण एकसारखं असलं, की ते फोडणारा विषाणू सगळ्या नातवंडांना एका दमात गाठतो. मुलगा उंटवाला असता, तर आत्ता सुपारी फोडली असती."

शलाकाला उंटवाला नको होता. तिला तन्मयच हवा होता, आणि तो समोर लालबुंद नाकानं, डोळ्यांत पाणी आणून बसला होता. बिचारा माझ्यासाठी रडतोय, असं तिला वाटलं. तेवढ्यात तो शिंकला.

बैठक गार पडली. शलाकाच्या पिढीनं सर्दी फक्त जुन्या सिनेमात पाहिली होती. तन्मयच्या आईनं पदरात तोंड लपवलं. मामांनी मात्र उठून त्याच्या कपाळाला हात लावला.

"अहो, हा तापलाय! ह्याला खरीखुरी सर्दी झालीय!"

"कालपासून," तन्मय नाक पुसत म्हणाला. "सॉरी."

"सॉरी कसलं, जावईबापू! वटवाघूळ तुम्हाला लागूच पडलं नाही. तुम्ही निव्वळ माणूस आहात!"

सुपारी तिथल्या तिथे फुटली. "अजून एकदा शिंक ना," शलाका त्याच्या कानात म्हणाली. तो शिंकला तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच्या आईनं मीठमोहऱ्या मागवून लेकाच्या नाकाची दृष्ट काढली.