शेजारच्या वर्गाला त्रास नको

माझा आवाज एके काळी माईकशिवाय सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, “कार्यक्रमांचं काही खरं नसतं गं, शाळेत लाग. गाणंही राहील आणि संसारही.” म्हणून मी प्राथमिक शाळेत संगीताची बाई झाले.

संगीताच्या खोलीला लागूनच चौथीचा वर्ग. आम्ही पहिली ओळ उचलली रे उचलली, की तिथले गणिताचे सर भिंतीवर डस्टर आपटायचे. मी मुख्याध्यापिकांकडे रडगाणं घेऊन गेले, तर त्या म्हणाल्या, “अहो, जरा सांभाळून घ्या ना. पालक गणिताचे मार्क विचारतात, गाण्याचे कोण विचारतं?”

शेवटी मी मुलांना मनातल्या मनात गायला शिकवलं. बोटांनी मांडीवर ताल धरायचा, ओठ हलवायचे, आवाज मात्र आतल्या आत. मीही त्यांना तसंच गाऊन दाखवायचे. पोरं इतकी तयार झाली, की एकदा सरांनीच विचारलं, “बाई, आज तुमचा तास नव्हता का?”

परवा स्नेहसंमेलनात पडदा उघडला. मी विंगेतून हात वर केला आणि सगळी चिमुरडी एका तालात, अगदी जीव ओतून गाऊ लागली. पहिल्या रांगेतले एक आजोबा गोंधळून कानातलं यंत्र चाचपू लागले.

आता निदान सूर तरी द्यावा म्हणून मी छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्ठा आ करून पहिली ओळ म्हटली.



माझेही नुसते ओठच हलले.