जप्ती

"पिशवी घे त्याच्याकडून," साहेब म्हणाले.

कालच सुरक्षारक्षक झालेली जुसारा जागची हलेना. साओ पाउलोच्या उपनगरी गाड्यांत फेरीवाल्यांना बंदी होती, आणि समोर दाराशी शेंगदाण्याची चिक्की विकणारा म्हातारा तिचा बाप होता. याच चिक्कीवर त्याने तिला लहानाची मोठी केली होती.

शेवटी त्यानेच पुढे होऊन पिशवी तिच्या हातात दिली. "घ्या मॅडम. चूक माझीच."

"ओळखतेस का याला?" तिचा चेहरा पाहून साहेबांनी विचारलं.

"मी कुठला यांच्या ओळखीचा!" बाप घाईघाईने म्हणाला.

जुसाराने पिशवी साहेबांच्या हवाली केली. "माझे बाबा आहेत," ती म्हणाली.

पिशवीला जप्तीचं सील लावत साहेब म्हणाले, "नियम तोच. पुढच्या स्टेशनात उतरव त्यांना."

गाडी थांबेपर्यंत बाप तिच्यावर धुमसत होता. "नोकरी घालवशील अशाने. काय गरज होती बोलायची?"

फलाट दारापेक्षा बराच खाली होता. तिने आधी उतरून हात पुढे केला. त्याने एकदा साहेबांकडे पाहिलं, मग सगळ्या डब्यादेखत तो हात धरून सावकाश खाली उतरला.