रिकामी खाच

पेडण्याच्या कारखान्यात हर्षानं चाचणीयंत्राच्या खाचेतलं जुनं स्विच कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि नवं बसवलं. सॉफ्टवेअर बदलायचं नव्हतं, म्हणून नव्याला जुन्याच्याच नावानं ओ द्यायला शिकवलं होतं.

चाचणी सुरू झाली. कार्डानं बरोबर ओ दिली की पडद्यावरची ओळ हिरवी होत होती. जुन्यातले रिले, म्हणजे विजेवर हलणारे चिमुकले स्विच, टकटक वाजायचे. नवं कार्ड मुकं. तरी टकटक ऐकू आली. टेबलावरून.

"बंद कर गो," शेजारचा गौरेश म्हणाला.

"कित्याक? वायर नाय, वीज नाय. मी भियत नाय."

तिनं जुनं कार्ड मुठीत आवळलं. रिले बोटांखाली हलत होते.

"आता बघूया कोण ओ देता," म्हणत तिनं नवंही उपसून काढलं.

मुठीतली टकटक थांबली.

पडद्यावरच्या ओळी हिरव्या होतच राहिल्या. टकटक आता रिकाम्या खाचेतून येत होती.