होडीतून केलेला हात

त्यानेही हात हलवला आणि बोट तशीच पुढे काढली.

"थांबा म्हणतायत का हो ते?" बायकोने विचारलं. ती कठडा धरून मागे बघत होती. दूर एका मच्छीमार होडीत दोघे जण उभे होते. एक जण अंगातला शर्ट काढून फिरवत होता.

"काही नाही गं. आपली बोट बघून सगळेच हात करतात."

ते अगदीच खोटं नव्हतं. निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली पांढरीशुभ्र मोटारबोट होती ती. किनाऱ्याकिनाऱ्याने इतका लांबचा पल्ला मारताना वाटेत भेटेल तो हात करायचा, आणि हाही ऐटीत उत्तर द्यायचा. मित्र त्याला कप्तान म्हणायचे. आज ते सगळे मोटारीने पुढच्या बंदरावर येऊन त्याची वाट बघत होते. ओहोटी लागायच्या आत खाडीत शिरायला हवं होतं, नाहीतर सगळी मेजवानी सोडून बाहेरच डुलत बसायची पाळी.

पण ती होडी एका अंगावर कलली होती. ते त्याने पाहिलं होतं. त्याने वेग वाढवला. बायको खाली केबिनमध्ये गेली आणि बराच वेळ वर आली नाही. इंजिनाच्या घरघरीत तो एकटाच सुकाणू धरून उभा राहिला. तिच्या नजरेला नजर द्यावी लागली नाही, एवढंच त्याला बरं वाटलं.

बंदरावर मित्रांनी त्याला उचलायचंच बाकी ठेवलं. "कप्तान, बोट बुडाली नाही म्हणजे वहिनींनीच चालवली असणार," एक जण म्हणाला. सगळे हसले. तोही हसला. पण दोनदा तो बंदराच्या कचेरीत जायला उठला आणि दोनदा परत बसला. आता सांगायचं, तर इतका वेळ का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं.

दिवेलागणीला बंदराची लाँच ती होडी ओढत घेऊन आली. खांद्यावर घोंगडी घेतलेला एक म्हातारा मच्छीमार धक्क्यावर उतरला, विचारत विचारत थेट कप्तानपाशी आला आणि त्याने त्याचे दोन्ही हात धरले.

"तुम्हीच ना ते? तुम्ही हात केलात, तेव्हाच मी भावाला म्हटलं, आता घाबरू नको, त्यांनी आपल्याला बघितलंय. तुमचा निरोप लगेच पोचला म्हणून जिवंत आहोत."

मित्र अभिमानाने कप्तानकडे बघू लागले. त्याची मान खाली गेली.

"मी नाही..." तो कसाबसा म्हणाला.

"केबिनमधल्या वायरलेसवर मी बोलले," मागून बायको शांतपणे म्हणाली. "पण कळव म्हणून ह्यांनीच सांगितलं होतं."