शुक्रवारचं हळदीकुंकू

श्रावणातला शुक्रवार म्हणून आमच्या जुळे सोलापूरच्या सोसायटीत सगळ्या लेकुरवाळ्या हळदीकुंकवाला जमल्या होत्या. आधी पोरांसाठी एक कोरियन कार्टून सिनेमा लावला. तो मीच सुचवला होता. त्यातली कुत्री कोल्ह्याच्या अनाथ पिलाला स्वतःचं दूध पाजून वाढवते आणि शेवटी त्याच्यासाठी जीव देते.

गोदावरीकाकू तर हुंदके देऊन रडल्या. "पोटचं नसलं म्हणून काय झालं? आई ती आईच की गं!"

मग काकू एकेकीला कुंकू लावत, हातावर फुटाणे ठेवत माझ्यापर्यंत आल्या. माझी लेक माझ्या मांडीवर बसली होती. तिला आम्ही अनाथाश्रमातून घरी आणलंय, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे.

काकूंनी करंडा मिटला. "हे लेकुरवाळ्यांचं असतं ना, वाईट वाटून घेऊ नकोस."

त्यांचा पदर अजून त्या कुत्रीसाठी ओला होता.

तेवढ्यात त्यांनी स्वतःचा मोबाईल माझ्या हातात दिला.

"पोरीला जरा खाली ठेव आणि आम्हा सगळ्या आयांचा एक फोटो काढ की."