उलट्या तोंडाचे ट्रक

"तुया तोंडावर थुंकली असती मी," रंजीता म्हणाली, "पण लेकरं पाहून राह्यले."

साबिरानं गळ्यातला सत्काराचा हार सारखा केला. "बस इथी. कार्यक्रम होऊ दे."

बस म्हणे! गेल्या उन्हाळ्यात हीच साबिरा भामरागडच्या अलीकडच्या गावात रंजीताच्या घरी सुट्टीभर राहिली होती. चंद्रपूरच्या उर्दू शाळेत चित्रकला शिकवणारी बाई. रंगांची पेटी घेऊन आली, पोरांसाठी चित्रांचं पुस्तक करते म्हणाली. रंजीता अंगणवाडीची सेविका. तिनं हिला आंबील पाजली, पहाडीवर नेलं, मोहाखाली फुलं वेचायला बसवलं, म्हाताऱ्या बायांच्या कपाळावरचं गोंदण दाखवलं. आणि शेवटी पुस्तक छापलं कोणी? खाण कंपनीनं! आज त्याचंच प्रकाशन होतं. तीच कंपनी, जिला ती पहाडी हवी होती. शुक्रवारी ग्रामसभा होती. हात वर झाले की पहाडी गेली, वरच्या देवासकट.

कंपनीचे प्रफुल्ल साहेब माईकवर आले. असला गोड माणूस की चहात साखर कमी पडली तर यांचं बोट बुडवावं.

"मुलांसाठी असं पुस्तक आपल्या भागात आजवर झालं नाही! एक अक्षर नाही, नुसती चित्रं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळेल. मॅडमची अटच होती. अक्षर नको आणि पानांना आकडेही नकोत."

मागच्या पडद्यावर पानं दिसू लागली. आधी हिरवीगार पहाडी, मोहाखाली फुलं वेचणारी एक म्हातारी, कपाळावर तीन ठिपके. मग डोक्यावर गाठोडी घेतलेले लोक. मग ट्रकांची रांग. शेवटी मोठं धुराडं, दिव्यांचा लखलखाट आणि खाली एक लहान पोरगी. तिच्याही कपाळावर तीन ठिपके.

"जुनी पिढी जाते, नवी येते," साहेब म्हणाले. "जंगलाकडून प्रगतीकडे!"

टाळ्या पडल्या. रंजीता ताडकन उभी राहिली.

"ते गाठोडेवाले लोक गाव सोडून चालले ना? मंग त्यायची तोंडं गावाकडं काऊन?"

"शेवटचं वळून पाहतायत, ताई. किती हळवं आहे बघा."

"अन् ट्रक? ते तर पहाडीकडं पाठ करून हायेत."

"रिव्हर्स घेत असतील!"

सगळं सभागृह खो-खो हसलं. साबिरा तेवढी हसली नाही. हारातल्या एका झेंडूच्या पाकळ्या खुडत ती मान खाली घालून बसली. रंजीताला वाटलं, अशीच जावं आणि हिच्या झिंज्या धराव्यात.

कार्यक्रम संपला तसे बाहेर कंपनीच्या गाड्यांत पुस्तकांचे गठ्ठे चढले. गावोगावच्या शाळा, अंगणवाड्या. ग्रामसभेच्या आधी प्रत्येक पोराच्या हातात पुस्तक गेलंच पाहिजे, असा साहेबांचा हुकूम होता. रंजीतानं साबिराला पायरीवरच अडवलं.

"मले तवाच ओळखाले पाह्यजे होतं. माया घरी बसून पयलं चित्र तू धुराड्याचं काढलं. बिस्मिल्ला म्हणून हात लावला, अन् काढलं काय, तर धुराडं! मी म्हटलं, जाऊ दे, शहरातली बाई हाये. अन् म्हातारी? ते तू सगळ्यात शेवटी काढली, जायाच्या दिवशी. आमच्या म्हाताऱ्या तुले शेवटीच आठवल्या ना?"

"हाव," साबिरा म्हणाली. "शेवटीच काढली."

"लाज नाई वाटत?"

"हळू बोल, रंजीता."

"काऊन हळू बोलू? माया आजीचं गोंदण विकून खाल्लं तू! आता पोट्टे हे पाहतीन, घरी बापाले दाखवतीन, पाहा बा कसा उजेड हाये. अन् बाप शुक्रवारी हात वर करतीन." रागानं तिला रडू फुटलं. "तुले मी बहीण म्हटलं होतं. मेली तू मायासाठी!"

साबिराचे डोळे भरून आले. पण ती वळली ती साहेबांकडे.

"सर, सगळ्या गाड्या निघाल्या?"

"ही शेवटची चालली. आता एकही पुस्तक परत यायचं नाही, मॅडम. निश्चिंत राहा." साहेब हात हलवत चहाकडे गेले.

गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली. साबिरा तोवर जागची हलली नाही. मग तिनं गळ्यातला हार काढला आणि पायरीवर टाकून दिला.

"घ्या मॅडम, तुमचं पुस्तक!" रंजीतानं हातातली प्रत तिच्या अंगावर भिरकावली. पुस्तक जमिनीवर पालथं पडलं, कंपनीचा शिक्का मातीत.

रंजीता ते पायानं लोटणार, तोच साबिरा खाली बसली. पुस्तक सुलटं न करता तिनं ओढणीनं वरची धूळ पुसली.

"असंच राहू दे. माया उर्दू शाळेतल्या पोरांले सांगा लागत नाई, पुस्तक कुठून उघडाचं ते. तुया पोरांले सांगजो."

"काय सांगू?"

"बिस्मिल्ला," साबिरा म्हणाली आणि तिनं मागचं पान आधी उघडलं.

धुराड्याखाली एकटी पोरगी उभी होती. रंजीता खाली बसली आणि स्वतःच पानं उलटू लागली. ट्रक पहाडीकडे पाठ करून निघून गेले, गाठोडी घेऊन लोक गावात परत आले, आणि शेवटच्या पानावर, हिरव्यागार पहाडीखाली, तीच पोरगी म्हातारी होऊन मोहफुलं वेचत होती.